वॉरिकची लांब शीळ

वॉरिक पेथिब्रिज हा आमच्या वायतुई खोऱ्यातला सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. तो पंधरा वर्षांचा असताना, गावच्या हॉलमध्ये मी बसवलेल्या नाताळच्या नाटकात मी त्याला मेंढपाळ केलं होतं. एकच वाक्य होतं बिचाऱ्याला. ऐनवेळी ते तो विसरला, प्रेक्षकांकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मेंढ्या ठीक आहेत." टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. त्यानंतर तीस वर्षं तो रंगमंचावर चढला नाही. चढला तो गेल्या नोव्हेंबरात, कुबड्यांवर, आणि त्या वेळी त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवसाचीच ही गोष्ट.

वॉरिकचं रान खोऱ्याच्या शेवटच्या टोकाला. अडीच हजार मेंढ्या, तीन कुत्रे, दोन क्वाड. चार जाड चाकांची ही मोकळ्या रानातली गाडी आमच्याकडे कुणाला दाखवावी लागत नाही. पोराला अक्षरं यायच्या आधी ती यायला लागते. बूड सीटला टेकत नाही म्हणून पोरं उभ्यानेच चालवतात. पुढच्या मडगार्डवर एक चिकटपट्टी असते: सोळा वर्षांखालील मुलांनी चालवू नये. ती पट्टी खोऱ्यातल्या सगळ्यांच्या गाड्यांवर आहे, आणि सगळ्यांच्याच गाड्यांवर ती चिखलाखाली आहे. किल्ली गाडीलाच लटकलेली. कोण चोरणार?

वॉरिकची मुलगी आनाहेरा सातव्या वर्षी क्वाड चालवायला लागली. दहाव्या वर्षी ती बापाबरोबर दोन कुत्रे हाकत होती. कुत्र्यांच्या शिळा तिला पाढ्यांपेक्षा पक्क्या येत. दोन आखूड म्हणजे डावीकडे, एक वळणाची म्हणजे उजवीकडे, आणि एक लांब, सपाट शीळ म्हणजे थांब, आहेस तिथे बस.

आई रोइमाता गावातल्या दवाखान्यात नर्स. तिला हे पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी हा वाद इतक्या वेळा ऐकलाय की दोघांचीही वाक्यं मला पाठ आहेत.

"तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, वॉरिक."

"घोड्यावर तरी कुणाचे टेकतात?"

"घोड्याला खड्डा दिसतो."

"मी सहाव्या वर्षी चालवत होतो."

"हो ना. आणि तुझा चुलतभाऊ डग्लस?"

डग्लस बाराव्या वर्षी गाडीखाली गेला होता. मग वॉरिक टोपी उचलून बाहेर पडायचा आणि पाच मिनिटांनी दोन गाड्यांचे आवाज यायचे. रोइमाता माझ्या कपात परत चहा ओतायची. मी नको म्हटलं तरी.

त्या घराचा एक नियम होता, आणि त्याचा वॉरिकला अभिमान होता. सकाळी तो मेंढ्यांच्या फेरीला जाई आणि दहाच्या चहाला परत येई. "दहाला आलो नाही, तर दुसरी गाडी काढ आणि माझ्या चाकोरीने ये," असं त्याने आनाहेराला शिकवलं होतं. रानात फोन लागत नाही. एकमेकांना शोधायची हीच आमची रीत. पुष्कळ घरांत आहे.

पुढचं मला वॉरिकने स्वतः सांगितलं, इस्पितळात, दुपारी जाऊन बसायचो तेव्हा. एका दमात नाही. आज एक वाक्य, उद्या दोन. आयुष्यभर मी माणसांच्या तोंडी वाक्यं दिली, पण असली वाक्यं मला सुचली नसती.

सप्टेंबरअखेरची, म्हणजे आमच्याकडच्या वसंतातली सुट्टी होती. मेंढ्या विण्याचे शेवटचे दिवस. रात्री पाऊस होऊन गेला होता. मागच्या डोंगरधारेच्या कडेवर वॉरिक पोचला तर खाली उतारावर एक गाभण मेंढी उताणी पडलेली. खळगीत पाठ अडकली की पोटाच्या भाराने ती उलटत नाही. पाय वर करून हलवत राहते आणि दुपारपर्यंत मरते. अशा हजारभर मेंढ्या त्याने उलटवल्या असतील. बाजूने वाट होती, वळसा दहा मिनिटांचा. तो कडेवरून सरळ खाली उतरला आणि तिरका निघाला. वरचं चाक गवतातल्या जुन्या खुंटावर चढलं आणि गाडी उलटली.

शुद्धीवर आला तेव्हा तो उताणा होता. गाडी डाव्या मांडीवर आणि कमरेवर, हँडल बरगड्यांवर. बोलायचा बिनतारी रेडिओ गाडीच्या पुढच्या पेटीत, म्हणजे सगळ्याच्या खाली. हेल्मेट शेडमध्ये खिळ्याला. उजवा हात तेवढा मोकळा. वीस पावलांवर ती मेंढी, तीही उताणी. जिल कुत्री दोघांच्या मधे बसून आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

"कुणाला आधी उठवायचं, हे तिला कळत नव्हतं," वॉरिक म्हणाला. हसायला गेला आणि बरगडी धरून थांबला.

घड्याळात नऊ वीस झाले होते. तो निवांत झाला. चाळीस मिनिटं काढायची. दहा वाजता आनाहेरा घड्याळ बघेल, पाच मिनिटं जास्तीची देईल आणि निघेल. चांगलं शिकवलंय मी पोरीला, असं तो मनाशी म्हणाला. हे त्याने मला दोनदा सांगितलं. चांगलं शिकवलंय.

साडेनऊच्या सुमारास त्याची नजर वर गेली. ओल्या गवतात त्याच्या चाकांच्या दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या. कडेवरून सरळ खाली. आनाहेरा याच रेघांवरून येणार होती. वर येताच तिला बाप दिसणार. बाप गाडीखाली दिसल्यावर कुठली पोर दहा मिनिटांचा वळसा घेईल? आणि उतारावर कसं उतरायचं, तेही त्यानेच सांगितलेलं. घाबरून ब्रेक दाबू नकोस, गाडीला सरळ सोड. त्याचं वजन नव्वद किलो. तिचं बत्तीस. गाडी तीनशेची.

तिथून पुढे त्याला दहा वाजायला नको होते.

त्याने गाडी ढकलून पाहिली. मांडीखालची माती बोटांनी उकरली. नखं गेली. गाडी हलली खरी, पण वीतभर अंगावरच सरकली आणि हँडल बरगड्यांत आणखी रुतलं. आता श्वास अर्धाच येत होता. मेंढीने पाय हलवणं थांबवलं होतं. घड्याळ तोंडासमोर धरून तो पडून राहिला.

"विनवण्या करून झाल्या," मला म्हणाला. "देवाला, रोइमाताला, सगळ्यांना. आज पोरगी झोपून राहू दे म्हटलं. गाडी सुरू न होऊ दे म्हटलं. गाडीची सर्व्हिसिंग मीच आदल्या दिवशी केली होती."

दहा वाजून सात मिनिटांनी खाली अंगणात गाडी सुरू झाली.

आमच्या खोऱ्यात आवाज पाण्यासारखा पसरतो. पहिला गिअर, दुसरा. मग आवाज मंद झाला. पहिलं फाटक. ती उतरली असेल, फाटक उघडून गाडी आत घेतली असेल. पुन्हा शांतता. तिने फाटक लावलं. रानात फाटक उघडं टाकायचं नाही, बाप मरत असला तरी नाही, हेही त्याचंच शिकवणं. दुसरं फाटक. तेही तिने लावलं. तिसरं लागताना त्याला वाटलं, बास, इथेच कडी अडकू दे. ती कडी नेहमी अडकायची. त्या दिवशी अडकली नाही.

चढावर इंजिन गुरगुरायला लागलं. त्याने हाक मारली. आवाज ओठांबाहेर पडला नाही. वर कडेवर आधी केस दिसले, वाऱ्यावर उडणारे. हेल्मेट नव्हतंच. मग चेहरा.

"बाबा!"

आणि गाडी थांबली नाही. पुढेच येत होती.

वॉरिकने चिखलाची दोन बोटं तोंडात घातली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. बरगड्यांत होतं नव्हतं तेवढं ओढून त्याने दुसऱ्यांदा फुंकलं. लांब, सपाट शीळ.

जिल जमिनीला चिकटली. आणि वर इंजिन बंद पडलं.

तीन वर्षं ती पोर त्या शिळेबरोबर राहिली होती. डोक्याने काही ठरवायच्या आत हातापायांनी ऐकलं.

"बाबा, मी येते खाली!"

त्याने पुन्हा शीळ घातली.

"पण तुला लागलंय!"

पुन्हा शीळ. मुलीशी बोलायला त्याच्याकडे दुसरा शब्दच उरला नव्हता. बोटाने त्याने खूण केली: उतर, मागच्या बाजूने. ती उतरली. तिच्या गाडीच्या पेटीत दुसरा रेडिओ होता आणि कडेवर तो लागतो. तिने शेजारच्या क्लिफ रंबलला बोलावलं. मग ती कडेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली, वर ती आणि खाली तो, एक तास दहा मिनिटं. ती जरा पुढे सरकली की खालून शीळ. कडेवरची तिची गाडी घरंगळली असती तर वाटेत तीच आली असती ना! शेवटी शेवटी शिळेचा आवाज फुटत नव्हता, नुसता हात वर जाई. आणि ती रडत ओरडायची, "मी कुत्री नाहीये, बाबा!"

क्लिफ दोर घेऊन आला, मग हेलिकॉप्टर. वॉरिकची कंबर दोन ठिकाणी मोडली, मांडीत सळई बसली. मेंढी मेली.

रोइमाता त्याला एका शब्दानेही बोलली नाही. "तिने बोलायला हवं होतं," तो मला म्हणाला. "भांडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं."

आता खोऱ्याचं ऐका. आमची माणसं मनाची मोठी आहेत, कौतुक करायला कधी मागे राहत नाहीत. दहा वर्षांच्या पोरीने एकटीने गाडी काढली, बापाला शोधलं, वाचवलं. तोंडातोंडी ती उतार उतरून गेली, गाडी उचलली, इथवर गोष्ट गेली. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी हॉलमध्ये सत्कार ठरला. चहा, क्रीम लावलेले स्कोन, सॉसेज रोल. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. मीही त्या कौतुकात सामील होतो, हे कबूल करतो. चांगलं भाषण तयार केलं होतं.

आनाहेरा निळ्या फ्रॉकमध्ये व्यासपीठावर उभी होती. क्लिफने तिला नाव कोरलेली लाकडी पाटी दिली आणि माईक माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला.

"बघा रे पोरांनो! असं शिकवायचं असतं पोरांना. शहरातली पोरं असती तर फोनवर बोटं फिरवत बसली असती!"

हशा. पहिल्या रांगेत खोऱ्यातली सगळी मुलं बसली होती. क्लिफचा सात वर्षांचा नातू आजोबांचा कोट ओढत म्हणाला, "मग आता मला मोठी गाडी देणार ना?"

"देणार तर! पाय पोचू दे."

"ते नाही पोचले तरी चालतं. आनाहेराचे कुठे पोचतात?"

पुन्हा हशा. वॉरिक मात्र हसला नाही. तो त्या पोराकडे बघत होता. मग त्याने आपल्या पोरीकडे बघितलं. ती पाटी छातीशी धरून एवढी खुलली होती की काय सांगू. इतकं सुंदर उभं राहणं मी रंगभूमीवर फार थोड्यांचं पाहिलंय. वॉरिकने कुबड्या काखेत घेतल्या. तीन पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला, आणि मला वाटलं, आता हा पुन्हा वाक्य विसरणार.

"क्लिफ," तो म्हणाला, "तिची गाडी तू मागे ओढलीस. पुढचं चाक कुठे होतं?"

क्लिफ हसता हसता थांबला. "आता ते कशाला, वॉरिक?"

"सांग ना."

"...हवेत होतं. डावं."

"किती?"

"कडेच्या बाहेर. हातभर."

हॉलमध्ये कुणीतरी कप बशीत ठेवला.

"मला तिने वाचवलं नाही असं नाही," वॉरिक म्हणाला. "पण शीळ एक श्वास उशिरा गेली असती तर आज तुम्ही दुसऱ्या कारणासाठी जमला असता. किल्ली गाडीला मी ठेवली. ये म्हणून मी सांगितलं. हेल्मेट दोघांचीही खिळ्यालाच होती. तुम्ही टाळ्या तिला वाजवताय, आणि ही पुढची पोरं ऐकतायत."

"म्हणजे आम्ही सगळे मूर्ख?" क्लिफने विचारलं. चेहरा लाल झाला होता.

"मी होतो. तुझं तू बघ."

"मी थांबले ना पण!" आनाहेराचा आवाज चिरकला. "तू म्हणालास आणि मी थांबले ना!"

"थांबलीस, राणी. तुझं काहीच चुकलं नाही."

"मग आज कशाला सांगितलंस? आजच कशाला?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते पहिल्या रांगेत बसलं होतं आणि दहा वर्षांच्या पोरीला ते दाखवता येत नव्हतं. तिने पाटी टेबलावर स्कोनच्या ताटाशेजारी ठेवली आणि बाजूच्या दाराने निघून गेली. माझं भाषण खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पाटी द्यायला त्यांच्याकडे गेलो. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या रोइमाताच्या कामाच्या अंगरख्याच्या खिशात होत्या. सोळा पूर्ण होईपर्यंत आनाहेराला गाडी नाही, हे त्यांनी रात्रीच तिला सांगितलं होतं. सहा वर्षं. ती बापाशी बोलत नव्हती.

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

वॉरिकने खिडकीकडे मान केली. समोरच्या टेकडीवर एक लाल ठिपका चढत होता, पायी, मागे जिल. वरचा कळप दुसऱ्या रानात हलवायचा होता. आजवर ते काम गाडीवर वीस मिनिटांचं होतं. तिने कुणाला विचारलं नव्हतं, बूट घालून निघाली होती.

"गवत ओलं आहे," वॉरिक म्हणाला.

"पायी आहे ती," रोइमाता म्हणाली. "अंडी गार झाली तुझी."

त्याने काटा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. ठिपका धारेपाशी पोचला, क्षणभर थांबला. वॉरिकची दोन बोटं ओठांपर्यंत गेली. मग त्याने हात खाली घेतला, मांडीखाली दाबून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. ठिपका धारेपलीकडे उतरून दिसेनासा झाला.