राजीखुशीनं

वकीलबाई गावोगाव जाताना स्वतःची खुर्ची घेऊन जायच्या. निळी, प्लास्टिकची, पाठीला चीर गेलेली. जीपच्या टपावर सुतळीनं बांधलेली असायची. गावात खुर्च्या नसतात असं नाही. पण त्या म्हणायच्या, "गावच्या खुर्चीत कुणीतरी आधीच बसलेलं असतंय, आन् ते उठत न्हाई."

आमची पहिली भेट हदगाव तालुक्यातल्या एका समाजमंदिरात झाली. मी नांदेडच्या एका संस्थेत नवी लागले होते. मुलींच्या वारसाहक्काचं पत्रक मीच लिहिलं होतं. लाल मथळा: 'बहिणींनो, जाग्या व्हा!' खाली प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. वकीलबाईंनी, म्हणजे ॲडव्होकेट पुष्पा वाघमारे यांनी, ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं, घडी करून पर्समध्ये टाकलं आणि मला बायकांसमोर उभं केलं. स्वतः खुर्चीत बसल्या.

"तू बहीण. मी तुझा भाऊ. बाप वारलाय, सातबाऱ्यावर तुझं नाव लागलंय. चल, बोल."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडणाऱ्याशी भांडायला मला येतं. पण त्यांचा आवाज एकदम खाली आला, लोण्यासारखा मऊ झाला. "ताई, तुझ्यासाठी काय कमी केलं गं आम्ही? पहिलं बाळंतपण इथंच झालं ना तुझं? आता तुझ्या नावामुळं विहिरीची फाइल अडकून राहिली. तेवढी सही करून दे. माहेर तुझंच हाय की."

मी म्हणाले, "कायद्यानं मुलीला मुलाइतकाच..."

"हाव, कायदा. मग राखी बी कोर्टातच बांध."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वकीलबाई त्यांच्याकडं वळल्या, "बघा, लिहिणारी बी गप झाली. उद्गारचिन्हानं सातबारा हालत न्हाई, पोरी. तोंडातनं निघाला तरच कायदा. पुन्हा म्हण. मोठ्यानं."

त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. पुढंही तो पुष्कळदा आला.

आमच्याकडची रीत अशी की बाप गेला की भाऊ बहिणीला नवं लुगडं घेतात, रजिस्ट्री ऑफिसात नेतात आणि तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात. म्हणजे बापाच्या जमिनीतला तिचा वाटा तिनं भावांना सोडून दिला. कुणी हात पिरगाळत नाही. पिरगाळला असता तर बरं झालं असतं, तक्रार तरी लिहिता आली असती. सोडणारी गुणाची, न सोडणारी लोभी, एवढं गावात ठरलेलं आहे. पण कागद पक्का करण्याआधी ऑफिसात बाईला विचारावं लागतं: राजीखुशीनं देता ना? वकीलबाईंची सगळी शिकवण त्या एका प्रश्नावर होती. "बाईला जन्मात कुणी विचारत न्हाई," त्या म्हणायच्या. "सरकार एकदा विचारतंय. तवा बोलायचं."

सरकारी शिबिरंही मी पाहिली आहेत. बॅनर, हारतुरे, मंचावर पांढरे शर्ट, खाली सतरंजीवर बायका. एकदा पाहुण्यांनी कलमामागून कलम वाचलं. एका म्हातारीनं हात वर केला, "साहेब, मग भाऊ बोलंना झाला तर?" साहेब म्हणाले, प्रश्न शेवटी. शेवटी आभार झाले, फोटो झाला, साहेबांची गाडी गेली. म्हातारी हात खाली घेऊन घरी गेली. याला जनजागृती म्हणतात!

छाया आम्हाला त्याच हदगावकडच्या गावात भेटली. बिलोलीकडं दिलेली, कडेवर पोर, बाप नुकताच गेलेला. तिचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, दुसऱ्याच्या रानात निंदून मला कट्टाळा आलाय. माझ्या बापाचं रान हाय. मला बी निंदता येतंय की." तालमीत ती सगळ्यांत तयार झाली. वकीलबाई भाऊ होऊन रुसल्या, रडल्या, मेलेल्या बापाची शपथ घातली. छाया एकच वाक्य बोलायची: "दादा, राखी मी बांधनारच. सही न्हाई करनार."

"पुन्हा."

"सही न्हाई करनार!"

मी टाळ्या वाजवल्या. वकीलबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी हात मांडीखाली घेतले.

भावानं रजिस्ट्रीचा दिवस ठरवला, तेव्हा मी वकीलबाईंना म्हणाले, तुम्ही आत चला. त्या नाही म्हणाल्या. "मी आत गेले की वकील बोलली. मी न्हाई गेले तर छाया बोलली."

"आणि नाही बोलली तर?"

"तर न्हाई बोलली."

सनद आहे, काळा कोट आहे, तीस पावलांवर ऑफिस आहे, आणि ही बाई बाहेर टपरीवर चहा पीत बसणार! मला हे आजही पटलेलं नाही.

मी आत गेले. भाऊ वाईट माणूस नव्हता, हीच तर सगळी अडचण. त्यानं छायाला बांगड्या भरल्या होत्या, हिरवं लुगडं घेतलं होतं, सावलीला बसवलं होतं. नंबर आला. ऑपरेटरची मान वर झालीच नाही. एका दमात म्हणाला, "इकडं बघा, कॅमेऱ्यात, अंगठा ठेवा, राजीखुशीनं ना?" प्रश्न आला तेव्हा अंगठा मशीनवर होता. छायानं भावाकडं बघितलं. तिचं पोर त्याच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होतं. मामानं त्याचं तोंड स्वतःच्या रुमालानं पुसलं.

"हाव," छाया म्हणाली.

मी टपरीवर जाऊन अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले. एवढ्या तालमी कशाला घेतल्या, तुम्ही बाहेर का बसलात, आता सुटली ना जमीन! वकीलबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरगं कुणाकडं होतं?"

"भावाच्या मांडीवर."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तालमीत पोरगं घेतलंच न्हाई गं आपण."

मला ती निळी खुर्ची रस्त्यात आपटावीशी वाटली. मी म्हणाले, तुम्हाला काय जातंय बोलायला. तेव्हा त्या म्हणाल्या, "खुर्चीत बसून मी जो आवाज काढते ना, तो आमच्या अण्णाचा हाय. माझा मोठा भाऊ. औशाच्या रजिस्ट्रीत मी उभी होते, तवा सनद पर्समध्ये होती माझ्या."

"मग?"

"हाव म्हणाले."

"का?"

"लई जीव होता त्याचा माझ्यावर."

"आणि आम्हाला शिकवता?"

"तेवढंच तर येतंय मला," त्या म्हणाल्या आणि चहाचे पैसे द्यायला उठल्या.

पुढच्या तालमीपासून भावाच्या मांडीवर एक खरं पोर बसायला लागलं. छाया आता तोंड दाखवणार नाही असं मला वाटलं होतं, पण त्या तालमीला ती बिलोलीहून आली. मागं बसली आणि म्हणाली, "मॅडम, त्येच्या हातात बिस्कीट बी द्या." मग येतच राहिली.

गेल्या वर्षी वकीलबाई लातूरला लेकीकडं असताना गेल्या. पुण्यानुमोदन औशाला, त्यांच्या माहेरी झालं. मी आणि छाया गेलो, छायाच्या कडेवर धाकटं पोर. भाषणं झाली. कुणी त्यांना दीपस्तंभ म्हणालं, कुणी वटवृक्ष. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, उतर खाली आणि बहीण होऊन उभा राहा. वकीलबाईंचं आणि छायाचं, दोघींची रानं गेली ती गेलीच, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

जेवणाच्या पंगतीत एक म्हातारे गृहस्थ पाण्याचा जग घेऊन आमच्यापाशी आले. "जेवल्याबिगर जाऊ नका पोरींनो. वकीलबाईचं माहेर म्हंजे तुमचंच हाय की."

हा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, पण आवाज मला पाठ होता. अण्णा.

"आमची पुष्पा लई मोठ्या मनाची," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. "एका शब्दानं जमीन मागितली न्हाई. राजीखुशीनं सोडली तिनं."

मी तोंड उघडलं. कायदा पाठ, कलम पाठ, पत्रक मीच लिहिलेलं. काही निघेना.

"न्हाई, काका," शेजारून छाया म्हणाली. "राजीखुशीनं न्हाई सोडली."

अण्णांच्या हातातला जग तसाच राहिला. "काय म्हणलीस, बाई?" तोच आवाज, तितकाच मऊ.

छायानं मांडीवरचं पोर उचलून माझ्याकडं दिलं, आणि पुन्हा म्हणाली. मोठ्यानं.