पहिल्या दिवसाचा कागद

आम्ही डीएड कॉलेजातले जुने लोक चहाला बसलो की किस्से निघतातच. हसून हसून पोट दुखतं. मी पेणमध्ये बावीस वर्षं होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवलं, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच आहे.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला मी एक कोरा कागद द्यायचो. प्रश्न एकच, शिक्षक का व्हायचंय? वेळ दहा मिनिटं. कागद कपाटात जपून ठेवायचो.

*

एका वर्षी अख्ख्या वर्गाने लिहिलं, 'देशाची भावी पिढी घडवण्यासाठी.' मी कागद परत वाटले. "खरं लिहा, मार्क नाहीत!"

रामवाडीचा एक जण उभा राहिला. "सर, खरं लिवलं तर काढून नाय ना टाकणार?"

त्याने लिहिलं, 'वडील कंपनीत शिफ्टला. मी त्यांना झोपलेलंच पाहिलंय. शाळेला रविवार असतो.'

*

अष्टमी गावातल्या एका मुलीचं लग्न ठरलेलं. तिने लिहिलं, 'सासरची अट आहे.' पोरगी हुशार, कॉलेजात पहिली आली. सासूबाईंनी सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं म्हणे.

"आणि नोकरी?" मी फोनवर विचारलं.

"सर, ती अट नव्हती!"

*

रोह्याकडच्या एका वाडीतल्या कांचनने लिहिलं होतं, 'आमच्याकडे गुरुजी फक्त सोमवारी येतात. बाकीचे दिवस मला शिकवायचे आहेत.' असा कागद मला पुन्हा मिळाला नाही.

सरावपाठासाठी आमची सगळी मुलं एकाच शाळेच्या चौथीवर तुटून पडायची. कांचनच्या आधी नदीचा तोच पाठ सहा जणांनी घेतला होता. मी मार्क द्यायला मागे बसलेला. ती घाबरून नुसतीच उभी राहिली. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आता चित्र दाखवा. मग आम्ही नदी म्हणतो. मग तुम्ही शाब्बास म्हणा!"

कांचनने चित्र गुंडाळून ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही नदीवर काय काय करता, ते सांगा." घंटा झाली तरी पोरं बोलतच होती. ठरलेल्या पाठात हे नव्हतं, म्हणून मी नियमाप्रमाणे मार्क कापले. त्याची मला अजून लाज वाटते.

*

पुढे शिक्षकभरतीच होईना. कांचन नागोठण्याजवळ एका कंपनीत पॅकिंगला लागली. दर जूनमध्ये तिचा फोन. "सर, भरतीचं काय?" मी म्हणायचो, "यंदा होईल बहुतेक." आठव्या वर्षी मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बहुतेक ना, सर?"

*

यंदा आमच्या कॉलेजात एकही प्रवेश झाला नाही, म्हणून कॉलेज बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मी वर्गातलं कपाट रिकामं करत होतो, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता. तेवढ्यात कांचन आली, कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच.

"सर, माझा पहिल्या दिवसाचा कागद हाय का?"

मी शोधून दिला.

"वाडीतली शाळा बंद केली, सर. पटावर पोरंच नाय राहिली. आता सोमवारी पन कोन येत नाय. मग हे खोटं कशाला ठेवायचं?"

तिने माझं पेन घेतलं आणि सगळा मजकूर खोडला. मग कागद उलटा करून ती पहिल्या बाकावर जाऊन बसली.

"सर," तिने विचारलं, "वेळ दहाच मिनिटं ना?"