काबुलीबद्दलची हरकत

धानोऱ्याला आमच्या अंगणात आलेला काबुली आधी बैलांशी बोलत असे, मग आबांशी, आणि वेळ उरला तर माझ्याशी. बैलाच्या नाकपुडीला नाक लावून तो त्याचा श्वास हुंगे आणि मगच जनावराला काय झाले ते सांगे. आबा म्हणजे माझे वडील. एरवी कुणाचे ऐकून न घेणारे आबा तेवढा वेळ हात मागे बांधून मुकाट उभे राहत. माझ्या बोलण्याला ते असे कधी उभे राहिलेले मला आठवत नाही.

स्वातंत्र्याच्या आधी तो घोडे घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला आला होता. परतीच्या वाटेवर एक घोडी आजारी पडली म्हणून आमच्या गोठ्यात थांबला. घोडी बरी झाली, पण तोवर गावाला त्याची सवय झाली होती. हिरवे डोळे, भलामोठा फेटा आणि तोंडात अस्सल अहिराणी. मी नंदुरबारला शिकून आलो आणि शाळेतली मराठी बोलू लागलो. लोक माझ्याशी जपून बोलत, त्याच्याशी नाही.

परदेशी म्हणून त्याला पोलीस ठाण्यात नोंद करावी लागे. नागरिकत्वाचा कायदा आला, तेव्हा आबांनीच त्याला अर्ज करायला लावला. मी धुळ्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो, म्हणून अटी समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. ठरावीक मुदतीचे वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि घटनेच्या यादीतली एक भाषा. अहिराणी त्या यादीत नव्हती. मग संध्याकाळी मी त्याला मराठी शिकवू लागलो. आबा शेजारी बसून ऐकत. काबुली ‘शे’ सोडून ‘आहे’ म्हणाला की त्यांचा चेहरा खुले. मी शाळेत होतो तेव्हा कितवीत आहे, हे मात्र त्यांना दरवेळी माझ्या आईला विचारावे लागे.

सर्वांत अवघड अट वेगळीच होती. अर्जाआधी जुने नागरिकत्व सोडायचे. दिल्लीने नकार दिला, तर तो कुठलाच राहणार नव्हता. हा धोका मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितला.

“मन्हा बैल आठे शेत. मी कोठे जासू?” तो म्हणाला. बैल इथे आहेत म्हणे; त्याच्या मालकीचा एकही बैल नव्हता.

नियमाप्रमाणे वृत्तपत्रात नोटीस द्यावी लागली. या इसमास नागरिकत्व देऊ नये असे कारण कुणास ठाऊक असल्यास त्याने ते लेखी, सहीनिशी कळवावे. ती चावडीवर वाचली गेली. गावाने त्यातले एवढेच घेतले की सरकारला काबुलीबद्दल लेखी हवे आहे. जो लिहिणार नाही तो त्याच्या विरोधात, असेही ठरले. घरोघरचे लोक मास्तरांकडून कागद लिहवून घेऊ लागले. कुणाची गाय त्याने वाचवली होती, कुणाच्या वरातीत तो नाचला होता. आबांनीही लिहवला. वसतिगृहात मी वाढलो, तिथे त्यांचे पत्र मला कधी आले नव्हते.

कचेरीत हे सगळे कागद न वाचताच हरकती म्हणून दाखल झाले. ज्याच्याविरुद्ध अख्खे गाव लिहिते तो माणूस घातकी असणार, असे समजून चौकशी लागली. मामलेदार धानोऱ्याला आले आणि आमच्याच ओट्यावर बसले. काबुली गोठ्याच्या दाराशी उभा होता. जुना देश सुटलेला, नवा मिळालेला नाही. त्याचा हात बैलाच्या वशिंडावर होता.

मामलेदारांनी आबांना विचारले, “या माणसाबद्दल तुमची काय हरकत आहे?”

“शे ना हरकत,” आबा म्हणाले. “त्याले आठे ऱ्हावाकरता कागद लागस, हाईच मन्ही हरकत.”

मामलेदार हसले नाहीत. त्यांनी जबाब मराठीत लिहून घेतला आणि पुढच्या माणसाला बोलावले.

पुढे मंजुरी आली. शपथेसाठी आबा त्याच्याबरोबर नवे धोतर नेसून धुळ्याला गेले. परत आल्यावर तो शपथेतली मराठी वाक्ये म्हणून दाखवी आणि आबा ती प्रत्येक पाहुण्याला ऐकवायला लावत.

त्याच सुमारास मला मुंबईच्या दैनिकात नोकरी मिळाली. जाऊ का, असे मी आबांना विचारले. ते काबुलीकडे निघाले होते. ओट्याच्या पायरीवर क्षणभर थांबले.

“जाय,” ते म्हणाले. “तुन्ही मर्जी.”

त्यांची काही हरकत नव्हती.