मास्तरांच्या वाट्याचं मिनिट

शिवणकामाच्या दुकानात मास्तरांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चाले. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर घेता घेता त्याच्या सात पिढ्यांची उठाठेव करून मोकळे होत. फोनवर मात्र दातखीळ बसे. मुलगी आफ्रिकेत नर्स. दर रविवारी घरी बारा मिनिटांचं फोनकार्ड यायचं आणि त्यातली अकरा मिनिटं मास्तरीणबाईंची. कार्डातली बाई "एक मिनिट शिल्लक आहे" म्हणाली की रिसीव्हर मास्तरांच्या हातात येई. ते विचारत, "बरी आहेस ना? ठेवू का?" सहा वर्षं बापलेकीचं बोलणं एवढंच.

मास्तरीणबाई गेल्या. लेक येऊन, रडून परत गेली, आणि पुढचा रविवार आला. आता बाराही मिनिटं मास्तरांची होती. त्यांना धडकीच भरली. लेक बोलायची ती आईशी, आपल्याशी काय बोलणार? असेच चार रविवार गेले की फोनही बंद पडेल, या भीतीने त्यांनी कापडाच्या बेतणीच्या कागदावर सात मुद्दे लिहून काढले.

मास्तरीणबाई कार्डावरचा चंदेरी थर नाण्याने हलकेच खरवडून खालचा नंबर काढत. मास्तरांनी शिवण उसवायचं ब्लेड घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! थराबरोबर नंबरातला शेवटचा आकडाही निघाला. मग शून्य, एक, दोन करत बसले. सातव्या खेपेला फोन लागला.

मुद्दे तीन मिनिटांत संपले. लेकीने विचारलं, फोनला एवढा उशीर का झाला. त्यांनी ब्लेडचा पराक्रम सांगितला. ती खूप हसली आणि हसता हसता रडायला लागली. मास्तर कानाला रिसीव्हर लावून तिचं रडणं ऐकत राहिले. शेवटी कार्डातली बाई बोलली.

"ठेवू का?" सवयीने तोंडून गेलं. मग ते घाईघाईने म्हणाले, "नको, थांब. मला करमत नाही गं. आईला सांगायचीस ते सगळं मला सांगत जा. मला उत्तरं देता यायची नाहीत, पण मी ऐकेन."

पलीकडून "बाबा" एवढंच आलं आणि फोन कटला. मास्तर कार्डाकडे बघत राहिले. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

इतक्यात फोन वाजला. तिकडून फोन करणं महाग म्हणून लेकीने सहा वर्षांत कधी केला नव्हता.

"बाबा, पहिल्यापासून सांगते. तुम्ही फक्त हं म्हणा."

"हं," मास्तर म्हणाले.