हात वर करायला लावणाऱ्या बाई

"खिडकी उघडायची का? हात वर करा."

आमचा वर्ग असा सुरू व्हायचा. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या लायब्ररीत, भर जानेवारीत, खिडकी उघडावी असं फक्त बाईंनाच वाटायचं. त्यांचा एक हात वर, आम्हा सहाजणींचे खाली. "हरले," म्हणत त्या खुशाल स्वेटर काढून बसायच्या.

नावाने हाक मारा, असा त्यांचा आग्रह होता. सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारायला जीभ रेटेना, म्हणून आमच्यासाठी त्या बाई झाल्या. तुमच्याही शाळेत अशी एखादी असेल. या मूळच्या स्वित्झर्लंडच्या, डोंगरातल्या गावात शिकवणाऱ्या. ती शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा डाव्या पक्षातर्फे उभ्या राहून प्रांताच्या सभागृहात गेल्या आणि वीस वर्षं भांडल्या. शाळा वाचली का, असं मी एकदा विचारलं.

"नाही. पुढच्या तीन वाचल्या."

नवरा गेल्यावर त्या इथे लेकीकडे आल्या आणि आम्हा डिपेंडंट व्हिसावरच्या बायकांना इंग्रजी शिकवू लागल्या.

नवरा ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. आठवड्यातले ते दोन तास तेवढे मी बोलायचे. २००३ साली गावाने खर्चात कपात सुचवली, त्यात आमचा वर्गही होता. गावसभेत मतदान होणार होतं. तिथे मी बोलावं असं बाईंनी ठरवलं आणि तीन आठवडे माझ्याकडून भाषण घोटून घेतलं.

"म्हातारीचं कोण ऐकतं? नुकसान तुझं आहे. तू बोल."

घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला. "ग्रीन कार्डची फाइल आत आहे यार. उगाच कशाला कुठे नाव यायला हवंय? कॅन्सल कर."

मलाही ते पटलं. ताप आलाय, असा मी बाईंना फोन केला.

त्या एकट्याच बोलल्या. वर्ग गेला. पुढे भेटल्या तेव्हा त्यांनी आधी माझ्या तापाची चौकशी केली. मला लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. आता बरं आहे, म्हटलं. वर्षभराने त्या वारल्या, हेही मला वाणसामानाच्या दुकानात रांगेत कळलं.

ग्रीन कार्डच्या मुलाखतीला २००७ उजाडलं. साहेबाने लग्नाची तारीख विचारली, फोटो पाहिले. कुठल्या सभेत बोललात का, हे कोणीच विचारलं नाही. नवरा खुशीत होता, जेवायला कुठे जायचं म्हणत होता. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, ते भाषण मला अजून पाठ आहे, शेवटच्या ओळीपर्यंत. नवऱ्याने रेडिओ लावला.