हातावरचं दही

"मी कोण? मी फक्त साक्षीदार." हे म्हणताना सर उजवा हात छातीवर ठेवत आणि मान किंचित खाली घालत. समोर एक माणूस असो की भरलेलं सभागृह, मान तेवढीच खाली जाई. प्रेम आणि युद्ध यांवर त्यांनी आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या. असे लेखक तुम्हीही व्यासपीठावर पाहिले असतील. हार नको नको म्हणत गळा पुढे करणारे.

युद्ध त्यांनी पाहिलं नव्हतं. गणपतीत आमच्या भोईवाड्यात फटाक्यांची माळ लागली, की ते कानांत बोटं घालून जिन्याखाली उभे राहत.

"सर, तुमच्या कादंबरीत तर पानोपानी तोफा उडतात," मी एकदा म्हणालो.

"तिथे आवाज किती करायचा ते मी ठरवतो रे," ते म्हणाले आणि हसले. हसले की मोठे लोभस दिसत.

आमच्या खोलीत ते माझ्या चुलतीसाठी, इंदूकाकीसाठी येत. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच काका लढाईत गेले. तेव्हापासून काकी चाळीची वीरपत्नी. पंधरा ऑगस्टला मंडळ तिला गुलाब देई आणि सोळाला तीच माणसं नळावर तिच्याशी भांडत. सरांना सैनिकांच्या बायकांवर लिहायचं होतं. दादरहून येताना खारी आणत, पाटावर बसत. वही नाही, मोबाईल नाही. "वही काढली की माणूस बंद होतो," ते मला म्हणाले होते.

ऐकायचे मात्र असे, की मलाही काहीतरी सांगावंसं वाटे. बशीतला चहा निवून जाई.

वर्षभराने एका दुपारी काकी बोलली. मी खाटेवर पेपर घेऊन होतो. शेवटची रजा संपवून निघताना काकांनी नेहमीप्रमाणे दारात हात पुढे केला. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, ही आमच्या घरची रीत. काकी रुसली होती. रजेची शेवटची सांज काकांनी मंडळात कबड्डी खेळत घालवली, एवढंच कारण.

"तेंनी हात पुढे केल्यानी नि मी पाठ फिरवलंय. दही देवकच नाय," ती म्हणाली. मग, "कोणाक सांगा नको हां."

"काकी, माझ्यापाशीच राहील," सर म्हणाले. हात छातीवर होता.

सासू गेली, दीर गेले, कुणालाच तिने हे सांगितलं नव्हतं. त्या रात्री ती गाढ झोपली. म्हणून मला सरांचा राग येतो तेव्हाही पुरता येत नाही.

कादंबरीच्या प्रकाशनाला त्यांनी काकीला पहिल्या रांगेत बसवलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती आली होती. भाषणाच्या शेवटी सर माईकवर म्हणाले, "ज्या हातांनी त्या दिवशी दही दिलं नाही, त्या हातांवर आज मराठी साहित्य दही ठेवतं आहे!" चांदीची वाटी आलीच. काकीला वर नेलं, तळवा उघडला, चमचाभर दही घातलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतल्या बाई रडत होत्या. फोटोवाला ओरडला, "काकी, हात थोडा वर!"

काकीने मूठ मिटली. परतीच्या टॅक्सीत तिच्या बोटांतून दही लुगड्यावर गळत होतं. मी रुमाल दिला, तो तिने घेतला नाही.

दोन दिवस खिडकीशी बसून तिने पुस्तक वाचलं. मग मला विचारलं, "ह्यो जॉबर कोण रे?"

कादंबरीत बायको दही देत नाही, कारण तिचं मन मिलमधल्या एका जॉबरवर, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमावर असतं. चाळीतही पुस्तक फिरलं होतं. नळावर काकी आली की बोलणं थांबू लागलं. मी खरं कारण सांगून पाहिलं, पण कबड्डीवर कुणाचा विश्वास बसेना. जॉबर छापील होता.

मी दादरला जाऊन त्यांना विचारलं. "कबड्डीवर कादंबरी उभी राहत नाही रे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि नाव कुठे घेतलंय मी?"

"स्टेजवर कुणाला नेलंत मग?"

ते चष्मा पुसत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते आले, खारी घेऊन. काकीने पाट दिला, चहा दिला. सर बोलत होते, पुस्तकाला पुरस्कार मिळेल म्हणाले, काकीला दिल्लीला नेऊ म्हणाले. काकी गवार मोडत होती.

"काहीतरी बोला, काकी. रागवा तरी."

गवारीच्या शिरा ताटात पडत राहिल्या.

शेवटी ते उठले, चपला घातल्या. "येतो, काकी," म्हणाले. आमच्याकडे यावर "या" म्हणतात. ते दारात थांबले. त्यांच्या पुस्तकात नवरा दारात थांबतो तो प्रसंग दीड पानाचा आहे, टीकाकारांनी त्याचं फार कौतुक केलंय.

काकीने ताट उचललं आणि पाठ फिरवून ती मोरीकडे गेली.

जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज हळूहळू खाली गेला. त्यानंतर ते आले नाहीत. ती खारी कुणी खाल्ली नाही.