हट्टीची लेक

चारठाण्यात बायनाबाईच्या माहेराला सगळे 'हट्ट्यांचं घर' म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. तिचा आज्जा मुंजाजी तरणाताठा असताना घर सोडून गेला आणि कित्येक वर्षांनी खोकत परत आला. कुठं होतास विचारलं तर म्हणाला, "हट्टी." लोकांना वाटलं, गडी हट्टाला पेटलाय, सांगायचं नाही म्हणतोय. नाव चिकटलं ते चिकटलंच.

मुंजाजीला अक्षर येत नव्हतं, म्हणून त्याची रोजनिशी तोंडीच होती. संध्याकाळी नात जवळ येऊन बसली की तो तिथला एकेक दिवस उलगडायचा. वर निजामाचं राज्य, साहेबाची कंपनी आणि जमिनीच्या पोटात सोन्याची खाण. माणसांना पाळण्यात घालून खाली सोडायचे. उकाडा इतका की पागोटं पिळून घ्यावं. एक दिवस छत कोसळलं, शेजारचा तेलंगी गडी गेला, त्याची भाकरी फडक्यात तशीच राहिली.

"अन् सोनं, आज्जा?"

"सोनं कुठलं, माय? नुस्ता करडा दगड. तरी भाईर येताना धोतराची गाठ सोडून झडती घ्यायचे."

बायनाबाईला हे सगळं पाठ. देवगाव फाट्याजवळच्या सासरी आली, ऊसतोडीला जाऊ लागली, तेव्हा कारखान्यावरच्या कोपीत दमलेल्या लेकरांना ती तेच दिवस सांगायची. "तुमचा पणजा पाताळात उतरला, अन् तुमी उसाच्या पाचटाला भ्यायलात व्हय?"

लेकरांची मान ताठ व्हायची. धाकटी जाऊ छबूबाई मात्र तोंडाची तिखट. "सोन्याच्या खाणीत व्हता, तर सोनं कुठाय? बोरमाळ राहू द्या, तुमच्या नाकात फुली न्हाई, आक्का."

परवा पणतीच्या बारशासाठी मणी घ्यायला घरच्या बाया मानवतला गेल्या. भाव ऐकून सगळ्यांनी हातातले मणी खाली ठेवले. छबूबाई सोनाराला म्हणाली, "आमच्या आक्काला इचारा की. त्यांच्या आज्ज्याची खाण हाय." सगळं दुकान हसलं. सत्तरी ओलांडलेल्या बायनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आज्जा भर दुकानात खोटा ठरला, आणि त्याच्या बाजूने बोलायला तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

घरी आल्या आल्या तिने लेकाला सांगितलं, "रविकांत, मला हट्टीला घेऊन चल."

"आता ह्या वयात कसला हट्ट करायलीस, आई?"

"हट्ट न्हाई रे. हट्टी. गाव हाय ते, रायचूरकडं. आज्ज्याची खाण बघितल्याबगर मी डोळे मिटायची न्हाई."

रविकांतने मोबाईल काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, "हाय की गं खरंच."

छबूबाईही पिशवी भरून निघाली. "गाव असंल. म्हातारा तिथं व्हता कशावरून? खोटं निघालं तर तिथंच तोंडावर सांगीन."

रेल्वेने रायचूर, पुढे बस. पाट्या कानडीत, बोलणं कानडीत, दोघी जावा खिडकीला चिकटून बसलेल्या. एका थांब्यावर कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली आणि ओरडला, "हट्टी! हट्टी! हट्टी!" हजेरीला नाव पुकारावं तशी बायनाबाई ताडकन उभी राहिली. जन्मभर टोमणा म्हणून ऐकलेलं नाव आज कुणीतरी सरळ, मोठ्या आवाजात घेत होतं.

खाण अजून चालू होती. आत कोण सोडतंय? तिघं फाटकाबाहेर उभी राहिली. मागे करड्या मातीचा डोंगर साचलेला. तेवढ्यात पाळी सुटली. घामेजलेली माणसं रांगेने आली आणि शिपाई एकेकाचे खिसे चाचपू लागला, डबे उघडून बघू लागला.

बायनाबाईने जावेचा हात घट्ट धरला. "छबे, बग. झडती."

छबूबाई बघतच राहिली. त्या माणसांचे खरबरीत हात, रिकामे डबे, दगडाच्या धुळीने माखलेले पाय. तिचा आवाज एकदम खाली आला. "आक्का, आपुन जल्मभर ऊस तोडला. आपल्या डब्यात कवा साखर व्हती?"

पदराने तोंड पुसून बायनाबाई ताठ उभी राहिली. इतका अभिमान तिला लग्नात शालू नेसतानाही वाटला नव्हता.

शिपायाने हटकलं, "कौन हय जी तुम लोगां? किससे मिलना हय?"

रविकांत तोंड उघडणार, तोच छबूबाई पदर खोचून पुढे झाली. "मिलना किसकू नक्को. ये हमारी आक्का हय. हट्टी की हय."

शिपाई हसला. "इधर सब हट्टी केच हैं, अम्मा."

"रहिंगे," छबूबाई ठणकावून म्हणाली. "पन इनका आज्जा तुम सबके पैले नीचे उतर्या था."